फटक्यांचे मोल कोण ठरवतो?

न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबच्या मैदानावर १९५७ साली अमेरिकेतील महिलांच्या ओपन गोल्फ स्पर्धेची अखेरची फेरी संपली, तेव्हा हवाई बेटांतून आलेली जॅकी पंग हीच विजेती, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. चार फेऱ्यांत मिळून तिचे २९८ फटके झाले होते. तिच्या पाठोपाठ असलेल्या बेट्सी रॉल्सचे २९९. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालावयाचा हा खेळ. तेव्हा एका फटक्याने का होईना, अजिंक्यपद पंगचे होते. पण तिच्या गुणपत्रकावर चौथ्या होलपुढे पाचाचा आकडा होता आणि प्रत्यक्षात तेथे तिला सहा फटके लागले होते. गोल्फमध्ये खेळाडूने स्वतःचे नव्हे, तर जोडीदाराचे गुण टिपावयाचे असतात. पंगबरोबर खेळणाऱ्या बेटी जेम्सनने ही चूक केली होती. आणि विलक्षण योगायोग असा, की जेम्सनलाही त्याच होलवर सहा फटके लागलेले असताना पंगने तिच्या नावापुढे पाचच मांडले होते. फेरीची बेरीज मात्र अचूक होती. ७२ हा आकडा सहाव्या फटक्यासह आलेला होता. म्हणजे कोणी कोणाला फसविले नव्हते, कोणाचा एक फटकाही लपला नव्हता. परंतु नियम असा, की प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी सही करणाऱ्या खेळाडूची. बेरीज पाहण्याचे काम संयोजकांचे. रोजकीर्द चुकली असता खतावणीतील शिल्लक बरोबर आहे या सबबीवर हिशेबनीस सुटत नाही, तसेच हे. पंग व जेम्सन दोघीही बाद ठरल्या आणि अजिंक्यपद रॉल्सकडे गेले.

या प्रसंगाचा खेळाच्या इतिहासात नेहमी उल्लेख होतो तो नियमांच्या कठोरपणाचे उदाहरण म्हणून. पण त्यातील दुसरा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे. पंगवर ओढवलेला प्रसंग पाहून क्लबच्या सभासदांनी व इतरांनी तेथल्या तेथे वर्गणी काढली. ती सुमारे ३,००० डॉलर भरली. विजेत्या रॉल्सला स्पर्धेचे जे बक्षीस मिळाले ते होते १,८०० डॉलर. ज्या देशातील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडूच्या वर्षातील सर्वोच्च विजयापेक्षा एका क्लबातील मंडळींची हळहळ अधिक मोलाची ठरते, त्या देशात या खेळाला ‘व्यावसायिक’ हे विशेषण कोणत्या अर्थाने लावावयाचे, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नसेल; विचारावयास मात्र हवा होता.

महिलांच्या या ओपन स्पर्धेचा जन्मच मोठा मासलेवाईक आहे. १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, होप सेनियस, बेटी हिक्स व एलन ग्रिफिन या तिघींनी महिला व्यावसायिक गोल्फपटूंची पहिली संघटना काढली. त्या वेळी व्यावसायिक म्हणविणाऱ्या महिला मोजक्याच होत्या. त्यांचा चरितार्थ खेळण्यावर नव्हे, तर शिकविण्यावर आणि क्रीडासाहित्याच्या कंपन्यांसाठी गावोगाव प्रात्यक्षिके देण्यावर चाले. या संघटनेने १९४६ साली वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे पहिली ओपन स्पर्धा भरविली आणि तिची एकूण बक्षीस रक्कम होती १९,७०० डॉलर, तीही युद्धरोख्यांच्या रूपात. त्या काळच्या मानाने ही रक्कम डोळे दिपविणारी होती. विजेत्या पॅटी बर्गला तीतून ५,६०० डॉलरचे रोखे मिळाले. एवढा पैसा आला कोठून? स्पोकेनमध्ये ॲथलेटिक राउंड टेबल नावाचे पुरुषांचे एक मंडळ होते. त्या मंडळाकडे नाणे टाकून नशीब अजमावण्याची जुगारयंत्रे होती आणि त्यांच्या उत्पन्नातून हे बक्षीस उभे राहिले होते. महिला गोल्फच्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेची कोनशिला पुरुषांनी जुगारात हरलेल्या सुट्या नाण्यांनी बसविली, हे सत्य कोणास रुचो वा न रुचो, नोंदले गेलेच पाहिजे.

जुगारयंत्रांचा आशीर्वाद एकाच वर्षापुरता होता. पुढल्या वर्षी स्पर्धा उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे गेली आणि बक्षिसाची रक्कम ७,५०० डॉलरवर उतरली. त्याच स्पर्धेत बेटी जेम्सनने चार फेऱ्या २९५ फटक्यांत पुऱ्या केल्या. ७२ होलांत कोणाही स्त्रीने तीनशेच्या आत येण्याची ती पहिलीच वेळ होती. खेळाचा दर्जा चढला आणि त्याच वर्षी मोबदला एकतृतीयांशाच्या आसपास आला! श्रमाची किंमत उत्पादकतेवरून ठरते, असे पाठ्यपुस्तकात शिकविणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवण्यासारखे आहे. १९५३ साली युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने, म्हणजे अमेरिकेतील गोल्फच्या मध्यवर्ती संघटनेने, ही स्पर्धा आपल्या हाती घेतली, तेव्हाही एकूण रक्कम ७,५०० डॉलरच होती.

मधल्या काळात जुनी संघटना मोडली आणि १९५० साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे, ओपन स्पर्धेच्याच दिवसांत, तेरा महिलांनी नवी संस्था उभारली. लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन किंवा एलपीजीए ती हीच. तेरांपैकी शेवटची संस्थापक मार्लीन बाउअर हॅगी हिचे २०२३ साली निधन झाले. म्हणजे या संस्थेचा जन्म पाहिलेली पिढी अगदी अलीकडेपर्यंत हयात होती. संस्थेच्या पहिल्या वर्षात चौदा स्पर्धा झाल्या आणि त्या सर्वांची मिळून बक्षिसे होती ५०,००० डॉलर. व्यवस्थापकाचा पगार विल्सन ही क्रीडासाहित्याची कंपनी देत असे. खेळाडू एकामागून एक मोटारी लावून या गावाहून त्या गावाला जात; मैदानाची आखणी करणे, नियमांचे तंटे सोडविणे, हिशेब ठेवणे आणि शेवटी विजेतीच्या नावाने धनादेश लिहिणे ही सर्व कामे त्यांच्यातल्याच कोणीतरी करावयाची. अनेकदा जिने धनादेश लिहिला तीच तो घेणारीही असे. सहकारी संस्थेचे याहून शुद्ध स्वरूप सापडणे कठीण.

त्या काळात प्रेक्षक येत ते प्रामुख्याने एका व्यक्तीसाठी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक व अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक मिळविणारी बेब डिड्रिक्सन झाहारियस गोल्फकडे वळली होती आणि तिने ही ओपन स्पर्धा १९४८ व १९५० मध्ये जिंकली होती. १९५३ मध्ये तिच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील सेलम क्लबच्या मैदानावर तिने तिसऱ्यांदा ओपन जिंकली, तीही बारा फटक्यांच्या अंतराने. कर्करोग हा शब्द चारचौघांत उच्चारण्याची जेव्हा प्रथा नव्हती, तेव्हा तिने तो वृत्तपत्रांपुढे उच्चारला. दोन वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. सेलममधल्या त्या चार फेऱ्यांची किंमत डॉलरमध्ये काय होती, हा प्रश्न विचारणेही कोणाला अप्रशस्त वाटेल. पण नेमकी हीच भावना महिला खेळाडूंच्या वाट्याला नेहमी येत गेली: त्यांच्या पराक्रमाचे कौतुक भरभरून करावयाचे आणि मोबदल्याचा विषय निघताच त्यात काहीतरी हलकेपणा आहे असे मानावयाचे.

मोबदल्याविषयी हा संकोच हौशी खेळाच्या परंपरेतून आला. या ओपन स्पर्धेत आजही हौशी खेळाडूंना प्रवेश आहे; मात्र त्यांनी कितीही वरचे स्थान मिळविले तरी पैसा घ्यावयाचा नाही. १९६७ साली व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथे कॅथरीन लाकोस्त या फ्रेंच तरुणीने सर्व व्यावसायिकांना मागे टाकून अजिंक्यपद पटकाविले. हौशी खेळाडूने ही स्पर्धा जिंकण्याचा तो आजवरचा एकमेव प्रसंग. तिचे वडील रेने लाकोस्त हे टेनिसमधील प्रख्यात विजेते, आई सिमॉन तियों द ला शोम ही स्वतः ब्रिटिश महिला हौशी गोल्फ स्पर्धेची विजेती. बक्षीस न घेण्याचे औदार्य अशा घराण्याला परवडत होते. गोल्फच्या शुद्धतेचा जो काही आदर्श होता तो ज्यांना उत्पन्नाची चिंता नव्हती त्यांनी घडविलेला होता; पंगसारख्या खेळाडूंना तो परवडणारा नव्हता.

पुढचा पैसा आला तो साबणाच्या धंद्यातून. दूरचित्रवाणीवर ओपन स्पर्धेची अखेरची फेरी देशभर दाखविली गेली ती १९६५ पासून. ज्या वस्तू गृहिणी विकत घेतात त्यांच्या उत्पादकांना महिलांचा खेळ हे जाहिरातीचे चांगले साधन आहे, हे ओळखणारा पहिला मोठा उद्योग म्हणजे कोलगेट-पामोलिव्ह. १९७२ साली या कंपनीने गायिका डायना शोअर हिच्या नावाने कॅलिफोर्नियात नवी स्पर्धा सुरू केली आणि तिचे बक्षीस एकदम १,१०,००० डॉलर ठेवले. त्या वर्षी मानाच्या ओपन स्पर्धेची एकूण रक्कम याच्या निम्मीही नव्हती. पुढे या नव्या स्पर्धेलाही प्रमुख स्पर्धांच्या मालिकेत स्थान मिळाले. आज अशा पाच स्पर्धा आहेत आणि प्रायोजक बदलले तशी त्यांतील काहींची नावे इतक्या वेळा बदलली, की जुन्या विजेत्यांच्या याद्या वाचताना कंपन्यांचा इतिहासच वाचल्यासारखे वाटते. ओपनने आपले नाव मात्र बदलू दिले नाही. प्रतिष्ठा एकीकडे आणि पैसा दुसरीकडे, अशी ही फारकत बरीच वर्षे चालू राहिली.

पण या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना अमेरिकन खेळाडूंच्या नावावर नाही. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि डिसेंबरमध्ये त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. एका पिढीत दारिद्र्यातून वर आलेल्या त्या स्वाभिमानी समाजाला नाणेनिधीच्या अटी म्हणजे राष्ट्रीय अपमान वाटला. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, जन्मभराची नोकरी मिळाली असे समजणारे मध्यमवर्गीय रस्त्यावर आले. १९९८ च्या प्रारंभी सरकारी कर्ज फेडण्यास हातभार म्हणून नागरिकांनी लग्नाच्या अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाला आलेले दागिने रांगा लावून जमा केले; सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टन सोने दिले, अशी नोंद आहे. त्या वर्षी देशाचे राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांनी घटले.

अशा वर्षाच्या जुलै महिन्यात विस्कॉन्सिन राज्यातील ब्लॅकवुल्फ रन या मैदानावर से री पाक नावाची वीस वर्षांची कोरियन मुलगी ओपन स्पर्धेत खेळत होती. चार फेऱ्यांनंतर तिची आणि जेनी च्वासिरिपॉर्न या विद्यापीठात शिकणाऱ्या हौशी अमेरिकन खेळाडूची बरोबरी झाली. नियमाप्रमाणे सोमवारी आणखी अठरा होलांचा सामना झाला. अठराव्या होलवर पाकचा चेंडू डावीकडे घसरून तळ्याच्या काठावरच्या गवतात अडकला. एक फटका दंड घेऊन चेंडू बाहेर काढण्याची मुभा होती. पाकने बूट काढले, मोजे काढले, पाण्यात उतरली आणि तेथून चेंडू मारला. उन्हात रापलेल्या पोटऱ्यांखाली तिची बुटांत झाकलेली पावले पांढरीफटक दिसत होती. कोरियात ते दृश्य पाहणाऱ्यांना सरावाचे किती तास त्या दोन रंगांच्या मध्ये सामावलेले आहेत हे वेगळे सांगावे लागले नाही. तो होल संपला तेव्हाही बरोबरीच होती. त्यानंतरच्या दुसऱ्या होलवर पाक जिंकली. एकंदर ९२ होल लागले होते.

हे दृश्य पुढे कोरियन दूरचित्रवाणीवर जनतेला धीर देण्यासाठी वारंवार दाखविले गेले. क्रीडाविजयाने अर्थव्यवस्था सावरते असा भाबडा समज अर्थातच कोणी करून घेऊ नये. कोरिया सावरला तो निर्यातीमुळे, घसरलेल्या वॉनमुळे आणि लाखो कामगारांनी सोसलेल्या हालांमुळे. परंतु त्या विजयाचा एक परिणाम मोजता येण्याजोगा आहे. ते सामने पाहणाऱ्या मुलींची एक पिढीच गोल्फकडे वळली. त्यांच्यातील इनबी पार्क हिने २००८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ही ओपन जिंकली आणि २०१३ मध्ये पुन्हा जिंकली. २००८ ते २०२० या तेरा वर्षांत कोरियन खेळाडूंनी ही स्पर्धा नऊदा जिंकली. २०१२ साली स्पर्धा पुन्हा ब्लॅकवुल्फ रनवर आली, तेव्हाची विजेती ना येऑन चोई हीदेखील कोरियनच.

त्या सोमवारच्या सामन्यात दुसरीही एक खेळाडू होती. च्वासिरिपॉर्नने पाकइतकेच ९२ होल खेळले, अठरा अधिक एक होलपर्यंत तिची बरोबरी राखली. पाकला विजेती म्हणून २,६७,५०० डॉलर मिळाले. ती हौशी असल्यामुळे तिला काहीच मिळाले नाही. नियमाचे पालन झाले, एवढे खरे.

कोरियन खेळाडूंचे हे यश अमेरिकेत सर्वांच्या पचनी पडले नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे इनबी पार्कच्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, एलपीजीएने आपल्या खेळाडूंना इंग्रजीची परीक्षा लावण्याचा बेत जाहीर केला. दोन वर्षे सभासद असलेल्या खेळाडूला इंग्रजीत बोलता आले नाही तर तिला निलंबित करावयाचे! कारण धंद्याचे देण्यात आले. प्रायोजक कंपन्यांचे पाहुणे स्पर्धेपूर्वी खेळाडूंबरोबर खेळतात, त्यांना संभाषण हवे असते, विजेतीची मुलाखत प्रेक्षकांना समजली पाहिजे, वगैरे. युक्तिवाद वरकरणी व्यवहारी होता. पण एका प्रायोजक कंपनीनेच या बेताविरुद्ध जाहीर नापसंती दर्शविली, चहूकडून टीका झाली आणि पंधरवड्यात तो मागे घ्यावा लागला. बाजाराला काय हवे आहे, हे बाजाराच्या नावाने बोलणाऱ्यांना नेहमीच ठाऊक असते असे नाही, एवढे त्यातून दिसले. शिवाय याच काळात खुद्द कोरियात महिलांचे गोल्फ पुरुषांच्या गोल्फला मागे टाकीत होते. आज त्या देशात महिलांच्या स्पर्धांना पुरुषांच्या स्पर्धांपेक्षा अधिक प्रेक्षक, अधिक प्रायोजक आणि अधिक बक्षिसे आहेत. महिलांचा फटका पुरुषांइतका लांब जात नाही म्हणून त्यांचा खेळ लोक पाहत नाहीत, हा सिद्धान्त कोरियन द्वीपकल्पावर लागू पडत नसेल, तर तो निसर्गनियम नव्हे, सवयीचा भाग होय.

आता अलीकडच्या आकड्यांकडे वळू. २०२१ साली महिलांच्या ओपनची एकूण रक्कम ५५ लाख डॉलर होती. त्याच संघटनेच्या पुरुषांच्या ओपनची १ कोटी २५ लाख. म्हणजे पुरुषांच्या रुपयामागे महिलांना चव्वेचाळीस पैसे. २०२२ मध्ये एक प्रायोजक कंपनी पुढे आली आणि महिलांची रक्कम एका वर्षात १ कोटी डॉलर झाली. पाच वर्षांत ती १ कोटी २० लाखांवर नेण्याचा संकल्पही जाहीर झाला. तो २०२४ मध्येच पुरा झाला. १९४६ चा एक डॉलर आजच्या सुमारे सोळा डॉलरांच्या बरोबरीचा धरला, तर जुगारयंत्रांनी दिलेले ते १९,७०० डॉलर आजचे तीन लाखांवर भरतात. त्यांच्याशी तुलना करता आजची रक्कम सुमारे अडतीसपट आहे. महागाई वजा जाता ही वाढ खरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण २०२१ आणि २०२२ यांच्या दरम्यान काय घडले? खेळाडू एका वर्षात दुप्पट कुशल झाल्या नाहीत. प्रेक्षकही दुप्पट झाले नाहीत. बदलला तो एका संघटनेचा निर्णय. ही संघटना नफ्यासाठी चालत नाही. तिच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा पुरुषांच्या ओपनच्या प्रक्षेपण-हक्कांतून येतो आणि त्यातूनच तिच्या इतर सर्व स्पर्धांचा खर्च चालतो. तेव्हा महिलांना किती द्यावयाचे, हा प्रश्न मागणी-पुरवठ्याचा कधीच नव्हता; तो अंदाजपत्रकाचा होता. याच देशातील टेनिसच्या ओपन स्पर्धेने १९७३ मध्ये बिली जीन किंगच्या आग्रहामुळे स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावे लागले. टेनिसमध्ये दोन्ही स्पर्धा एकाच ठिकाणी, एकाच तिकिटावर चालतात. त्यामुळे कोणी कोणासाठी तिकीट काढले हे वेगळे करता येत नाही आणि समानतेचा मार्ग थोडा सुकर होतो. गोल्फमध्ये दोन्ही स्पर्धा निराळ्या आठवड्यांत, बहुधा निराळ्या मैदानांवर होतात. हिशेब वेगळा मांडता येतो, म्हणून तो वेगळा मांडला जातो. ही अडचण खरी आहे, आणि समान बक्षिसाची मागणी करणाऱ्यांनी तिला उत्तर द्यावयास हवे. मात्र वेगळा हिशेब मांडणाऱ्यांनीही हे सांगितले पाहिजे, की प्रक्षेपणाची वेळ, कॅमेऱ्यांची संख्या आणि मैदानाचा दर्जा हे सर्व वर्षानुवर्षे ठरवीत कोण आले. अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध मैदानांपैकी एक असलेल्या पेबल बीचवर पुरुषांची ओपन १९७२ पासून होत आली. महिलांची तेथे प्रथम झाली ती २०२३ मध्ये. ती जिंकणारी ॲलिसन कॉर्पझ, पंगप्रमाणेच, हवाईची.

बक्षिसांचा खेळावर परिणाम होतो काय, याचाही अभ्यास झालेला आहे. एडवर्ड लाझीर व शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये असे मांडले, की जेथे कामाचे मोजमाप कठीण असते तेथे क्रमांकानुसार बक्षीस देणे हा मोबदल्याचा कार्यक्षम मार्ग ठरू शकतो. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांतील तफावत जेवढी मोठी, तेवढा प्रयत्न अधिक. एरनबर्ग व बोन्यानो यांनी १९९० मध्ये पुरुषांच्या गोल्फ स्पर्धांचे आकडे घेऊन हे पडताळून पाहिले आणि मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांत फटके कमी लागतात, असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षाचा आधार घेऊन वरच्या क्रमांकांना अधिकाधिक देण्याचे समर्थन करता येते, आणि केलेही जाते. महिलांच्या ओपनमध्येही वारे त्याच दिशेने वाहू लागले आहे. २०२३ मध्ये एकूण १ कोटी १० लाखांतून विजेतीला २० लाख मिळाले. २०२४ मध्ये एकूण रक्कम दहा लाखांनी वाढली आणि विजेतीची चार लाखांनी. वाढीव पैशापैकी दोन-पंचमांश भाग एकट्या विजेतीला गेला. तो मिळाला युका सासो हिला, जिने २०२१ मध्ये फिलिपीन्सच्या आणि २०२४ मध्ये जपानच्या झेंड्याखाली ही स्पर्धा जिंकली. उरलेल्या सहा लाखांत बाकी सर्व खेळाडू.

या बाकीच्यांचा विचार फारसा होत नाही. २०२३ च्या स्पर्धेसाठी २,१०७ जणींनी अर्ज केले होते. त्यांतील बहुतेकींना एका दिवसात छत्तीस होलांच्या पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात. प्रत्यक्ष स्पर्धेत प्रवेश मिळतो १५६ जणींना आणि दोन दिवसांनंतर पहिल्या साठ व त्यांच्या बरोबरीच्या तेवढ्या पुढे जातात. विमानाचे भाडे, निवास, सामान वाहणाऱ्या व सल्ला देणाऱ्या कॅडीचा आठवड्याचा पगार, शिक्षकाचे मानधन हा सर्व खर्च खेळाडूचा स्वतःचा. त्यांना नोकरी नाही, निवृत्तिवेतनाची हमी नाही आणि मनगट दुखावले तर उत्पन्न नाही. रोजंदारीवरील कारागिराचे आणि यांचे आर्थिक स्थान तत्त्वतः एकच आहे. कपडे तेवढे निराळे. २०२४ पासून मात्र दोन दिवसांत बाद होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूलाही १०,००० डॉलर मिळू लागले आहेत. बंगळूरूच्या अदिती अशोकसारख्या, दूर देशांतून स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या खेळाडूंना, ज्या आठवड्यात सूर लागत नाही त्या आठवड्यात, या तरतुदीचा अर्थ विजेतीच्या चोवीस लाखांहून अधिक कळत असेल.

२०२५ मध्ये विस्कॉन्सिनमधीलच एरिन हिल्स येथे स्वीडनची माया स्टार्क विजयी झाली. बक्षिसाची एकूण रक्कम १ कोटी २० लाखच राहिली. पुरुषांची २ कोटी १५ लाख, तीही आदल्या वर्षीइतकीच. प्रमाण छप्पन पैशांवर आहे. २०२२ मध्ये ते सत्तावन्न होते.